लिंबायतचा फितूर सेनापती

गोष्टीतले सेनापती दोनच प्रकारचे असतात. एक राजासाठी मरतो आणि दुसरा राजाच्या मुळावर उठतो. तिसरा प्रकार मी तरी पाहिलेला नाही, आणि मी उभा जन्म नाटकांचे कपडे शिवण्यात घालवला आहे. पहिल्याचं चित्र कॅलेंडरवर येतं, रिक्षाच्या पाठीवर येतं, हल्ली पोरांच्या मोबाइलमध्ये ढोलाच्या ठेक्यावर येतं. दुसऱ्याचं चित्र कुणी लावत नाही. पण टीव्हीच्या मालिकेत तो नसला तर बायका दुसऱ्याच आठवड्यात चॅनल बदलतात. कॅमेरा सेनापतीच्या डोळ्याजवळ गेला, मागे झांज वाजली आणि त्याने मिशीला हात लावला, की आमची ही पोळी तव्यावर टाकून बाहेर येते आणि म्हणते, "फिरला बघा मेला."

आमच्या गल्लीचा सेनापती या दुसऱ्या प्रकारचा होता. त्याचं नाव श्रीपत. शिंदखेडा तालुक्यातून सुरतेला आला, लिंबायतमध्ये खोली घेतली आणि पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कापड रंगवायच्या मशीनवर लागला. त्याच्या तळहातावर कधी राणी रंग असायचा, कधी मोरपंखी. कुठल्या रंगाच्या साड्या चालू आहेत ते मिलच्या शेठच्या आधी आमच्या गल्लीला कळायचं. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून चढवून त्याचा गळा असा तयार झाला होता, की तो हळू बोलला तरी तीन घरं ऐकायची. म्हणून तो बोलायचाच कमी.

आमच्या गणपती मंडळाचं एकच नाटक, दर वर्षी तेच. पहिल्या पिढीतल्या कुणीतरी लिहिलेला राजा-सेनापतीचा वग. भैरवकोट नावाच्या किल्ल्याला वेढा पडलेला असतो. राजा मानाचा शेला किल्लेदाराला देतो, सेनापतीला ते झोंबतं, आणि शेवटी तो आतून किल्ल्याचं दार उघडतो. मग शत्रू आत घुसतो, किल्लेदार मरतो, राजा मरतो, आणि ज्याने दार उघडलं त्यालाही शत्रू सोडत नाही. लोकांना ओळन् ओळ पाठ होती. तरी दर वर्षी सतरंज्या पुरायच्या नाहीत.

मंडळाचा एक नियम होता. काम घ्यायचं ते गणपतीपुढे नारळ फोडून, आणि घेतलेलं बदलायचं नाही. माणूस मेला किंवा सुरत सोडून गेला, तरच त्याचं काम दुसऱ्याकडे जायचं. आधीचा सेनापती अंकलेश्वरला निघून गेला तेव्हा ते काम कुणालाच नको होतं. भूपेंद्र, म्हणजे आमचा राजा, श्रीपतच्याच मिलमध्ये होता. त्याने विचारलं आणि श्रीपतला नाही म्हणता येईना. नारळ फुटला. घरी चंपाबाईने, त्याच्या बायकोने, दोन दिवस अबोला धरला. तिचं म्हणणं एवढंच, की भालदाराचं काम घेतलं असतं तरी चाललं असतं.

मी त्याला जांभळा अंगरखा शिवला. साड्यांच्या फेकून दिलेल्या काठांची जर लावली. दिसायचा मोठा रुबाबदार. आणि काम असं करायचा की काय सांगू! दाराच्या अडसरावर हात ठेवायचा, मागे वळून पाहायचा, हात काढून अंगरख्याला पुसायचा, पुन्हा ठेवायचा. तेवढ्यात बायकांच्या बाजूने शिव्या सुरू व्हायच्या. पुढे बसणारी इंदुबाई दर वर्षी पायातली चप्पल काढून फेकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना श्रीपत ती चप्पल तिच्या दाराशी नीट ठेवून जायचा. वर विचारायचा, "मावशी, लागनी नही ना हातले?"

मारलं तिने आणि हातही तिचाच दुखला का म्हणून विचारायचं याने. असा माणूस. मला राग यायचा त्याचा. इतकं चांगलं असू नये माणसाने, लोकांना सवय होते.

ज्या वर्षी सगळं बिघडलं, त्या वर्षी मिलच्या कलर रूममधला, म्हणजे रंग कालवतात त्या खोलीतला, हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा बंद पडला होता. महिना झाला तरी कुणी हलवेना. माणसं खोकून बेजार झाली. योगेश, आमचा किल्लेदार, तिथेच चक्कर येऊन पडला आणि ड्रमची कड लागून त्याची भुवई फाटली. तेव्हा भूपेंद्रने पुढाकार घेतला. बैठक उघड घ्यायची सोय नव्हती, मिलला कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराची माणसं गल्लोगल्ली. मग तालमीतच बैठक झाली. बाहेर ढोलकी चालू ठेवली आणि आत ठरलं, की सोमवारी सकाळी पंखा बसल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकायचं नाही. मी तेव्हा तिथेच बसून राजाच्या बाह्या आखूड करत होतो. श्रीपतनेही हात वर केला होता. त्या दिवशी तो हात हिरवा होता, मला आठवतं.

सोमवारी ही माणसं मिलच्या फाटकाशी पोहोचली, तर ठेकेदाराने पहाटेच टेंपो भरून दुसरी माणसं आत नेलेली. भूपेंद्रला आणि त्याच्याबरोबरच्या दोघांना बाहेरच्या बाहेर घरी पाठवलं. बाकीचे दुपारपर्यंत खाली मान घालून आत गेले. पंखा तसाच राहिला.

आता फोडलं कुणी? बैठकीला होते ते सगळे नाटकातले. संध्याकाळी चहाच्या टपरीवर हाच विषय. कुणीतरी म्हणालं, शनिवारी श्रीपत ऑफिसात गेला होता. गेला होताच. त्याची मुलगी राखी नंदुरबारला बाळंतपणाला टेकली होती, तिच्यासाठी रजा मागायला गेला होता. ते त्याने तिथल्या तिथे सांगितलंही. तेवढ्यात एक जण चहाचा ग्लास ठेवत म्हणाला, "सेनापती ऑफिसात गेला म्हणजे दार उघडलंच समजा."

सगळे हसले. भूपेंद्रही हसला, नोकरी गेलेली असताना. आणि श्रीपतही हसला. तेच त्याचं चुकलं. त्याने त्या माणसाची गचांडी धरायला हवी होती, निदान ग्लास तरी आपटायला हवा होता. पण नाटकातली थट्टा म्हणून तो हसला, आणि लोकांनी ते हसणं कबुली म्हणून घरी नेलं.

थट्टा थट्टा राहिली नाही ती कधीपासून, ते नेमकं सांगता येत नाही. आधी पोरं त्याला बघून "फितूर, फितूर" ओरडायची, ती आधीही ओरडायची. मग मोठी माणसं तो आला की विषय बदलू लागली. मिलमध्ये डबा खायला तो बसला की बाकीच्यांचे डबे उचलले जायचे. नारळ फोडून दुसऱ्या कुणाला ते काम मिळालं असतं, तर हा शेक त्याला बसला असता, हे सांगून माझं तोंड दुखलं. पण बाह्या आखूड करणाऱ्या शिंप्याचं कोण ऐकतं? मला म्हणाले, "टेलरभाऊ, तुम्ही कपडे शिवा." भूपेंद्र उधन्याला एका एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात लागला. त्याने श्रीपतला कधी वाकडा शब्द टाकला नाही. सरळही टाकला नाही. त्या वर्षी राजाचंच मन लागेना म्हणून नाटक झालं नाही.

पुढच्या श्रावणात कानबाई आली. आम्ही नाशिककडचे, आमच्यात हे नाही, पण खानदेशी घरात कानबाई म्हणजे दिवाळीहून मोठी. रविवारी देवी बसवायची, सोमवारी डोक्यावर घेऊन वाजतगाजत बोळवायची, आणि रस्ताभर घराघरातून बायका ओवाळायला येतात. चंपाबाईने नवा खण नेसवून कानबाई सजवली. सोमवारी श्रीपत पाट घेऊन निघाला, मागे चंपाबाई, राखी आणि राखीचं तान्हं. इतर घरांच्या कानबाईमागे नाचायला जागा नव्हती. याच्या देवीमागे आमची ही गेली, आणि दुकान बंद करून मी गेलो. एकही दार ओवाळायला उघडलं नाही. देवीला सुद्धा नाही, बघा. माणसाचा राग माणसावर काढावा, देवीने काय केलं होतं यांचं? चंपाबाई शेवटपर्यंत गाणी म्हणत राहिली. एकटीच्या आवाजात ती गाणी ऐकवत नव्हती. मी तोंड फिरवून रडलो, लपवत नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी श्रीपत दुकानात आला. मशीनशेजारच्या स्टुलावर बसला. खूप वेळ कापडाचे तुकडे चाळत राहिला आणि मग म्हणाला, "टेलरभाऊ, औंदा माले किल्लेदारनं काम द्या म्हना. एकदाव मरू द्या माले राजाकरता. मंग गल्ली देखी."

म्हणजे हा माणूस वर्षभर हाच विचार करत होता. त्याला वाटत होतं, गल्लीने एकदा त्याला राजासाठी मरताना पाहिलं, की तिच्या मनातलं जाईल. वेडेपणा म्हणा. पण गल्लीने त्याला फितूर ठरवलं ते तरी कशावरून? दर वर्षी दार उघडताना पाहिलं त्यावरूनच ना? मग त्याचा हिशेब काय चुकीचा होता?

मी मंडळाच्या सभेत विषय काढला. लोक हसले. योगेश म्हणाला, मी किल्लेदार सोडणार नाही, नारळ फोडलाय. दुसरा म्हणाला, हा किल्लेदार झाला तर शत्रूची गरजच काय. मी भूपेंद्रकडे पाहिलं. तो सतरंजीचा दोरा ओढत बसला होता. म्हणाला, "नियम नियम शे, टेलरभाऊ. मी एकला काय करू?" श्रीपत दाराशी उभा होता. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, बरं.

गणपतीत आरती झाली आणि नाटक उभं राहिलं. एक वर्ष खंड पडलेला, त्यामुळे गर्दी दुप्पट. किल्ल्याचं दार साड्यांच्या पार्सलच्या पुठ्ठ्यांचं, पण अडसर खऱ्या लाकडाचा. दारामागे मी, आणि तलवारी घेऊन घुसायला टपलेलं शत्रूचं सैन्य. पुठ्ठ्याला एक भोक होतं, त्यातून मला रंगमंच दिसायचा.

श्रीपत आला. जांभळा अंगरखा आता त्याला सैल झाला होता. अडसरावर हात ठेवला. मागे वळून पाहिलं. हात काढला, पुसला, पुन्हा ठेवला. बायकांच्या शिव्या सुरू झाल्या. आणि मग त्याने हात काढला तो परत ठेवलाच नाही. दाराला पाठ लावून लोकांकडे तोंड करून उभा राहिला आणि त्या त्याच्या आवाजात म्हणाला, "मी दार उघडणार नाही."

हे वाक्य वगात नाही. मी चमकलो. माझ्या मागचं सैन्य कुजबुजायला लागलं.

"मी दार उघडणार नाही," तो पुन्हा म्हणाला. "मी कधी उघडलंच नव्हतं. गणपती समोर बसलाय, त्याच्या पायाची शपथ. मी कुणाला काही सांगितलं नाही." शेवटी आवाज फाटला त्याचा.

क्षणभर सगळं चिडीचूप. मला वाटलं, कळलं यांना. देवा, कळलं एकदाचं. मी पुठ्ठ्याला डोळा लावून उभा होतो.

आणि मागून कुणीतरी शिट्टी मारली. मग टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "वा रे सेनापती!" आणि मग सगळी गल्ली एका तालात ओरडायला लागली, "उघड! उघड! उघड!" त्याच्या शेजारच्या खोलीतले, एके काळी त्याच्याबरोबर डबा खाणारे, त्याच्या कानबाईला दार न उघडणारे, सगळे. पोरं बाकांवर चढून नाचत होती. इंदुबाई चप्पल हातात घेऊन उभीच होती. ती ओरडली, "उघाड ना रे मेल्या, माले घर जावानं शे!" त्यावर आणखी हशा पिकला.

बायकांमधून चंपाबाई उठली. दोन्ही हात वर करून ती काहीतरी सांगत होती. तोंडावरून मला कळलं, नका उघडू म्हणत होती. त्या गोंगाटात तिचा आवाज कुठून पोहोचणार?

श्रीपतने विंगेकडे पाहिलं. तिथे राजा उभा होता, मुकुट घालून, त्याच्या प्रवेशाची वाट बघत. भूपेंद्रने एकदा लोकांकडे पाहिलं, एकदा श्रीपतकडे, आणि हाताने खूण केली. उघड.

श्रीपत वळला. त्याचा चेहरा माझ्या भोकापासून वीतभर अंतरावर होता. त्याच्या गालावर काजळ ओघळलं होतं. त्याने दोन्ही हातांनी अडसर उचलला, बाजूला ठेवला आणि दार उघडलं. सैन्य मला ढकलून आत घुसलं. इंदुबाईची चप्पल त्याच्या कानाला लागली. असा कल्ला मी आमच्या मंडळात कधी ऐकलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळाने त्याला शाल, टोपी आणि नारळ दिला. अध्यक्ष माइकवर म्हणाले की असा फितूर सिनेमात सुद्धा पाहिला नाही, काय तो नाही-नाही म्हणण्याचा अभिनय, अंगावर काटा आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत खोट नव्हती. त्या एका दिवसासाठी सगळे त्याच्याशी बोलले, हात मिळवले, पाठ थोपटली. श्रीपतने शाल घेतली, मान लववली आणि घरी गेला. इंदुबाईला चप्पल परत मिळाली नाही. ती माझ्या दुकानात विचारत आली, तेव्हा मी तिच्या अंगावर वसकन ओरडलो.

दसऱ्याच्या आधी त्याने खोली सोडली आणि दोघं गावी गेली. त्याचं काम दुसऱ्या एकाने घेतलं. जांभळा अंगरखा मी या नव्याच्या मापाचा करून दिला. धंदा आहे माझा.

हे इथेच संपलं असतं. पण आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास भूपेंद्र दुकानात आला. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला आणि मग म्हणाला, ठेकेदाराला प्रमोदने सांगितलं होतं. प्रमोद म्हणजे त्याच्या बहिणीचा, कविताचा नवरा. तो त्याच मिलमध्ये माल पाठवायच्या खात्यात होता. मेव्हणा अडचणीत येऊ नये म्हणून भूपेंद्रने स्वतःच त्याला शनिवारी फोन केला होता, की सोमवारी कामावर जाऊ नको. प्रमोदने तो फोन ठेवला आणि ठेकेदाराला लावला. नुकत्याच एका लग्नात पोटात दोन घोट गेल्यावर तो हे हसत हसत बोलून गेला होता. भूपेंद्र माझ्या मशीनवर डोकं टेकून रडला. मला रडू आलं नाही, संताप आला. मी म्हणालो, चल, उठ, श्रीपतला सांग.

भुसावळची गाडी धरून आम्ही गेलो. श्रीपत घराच्या सावलीत बाज विणत बसला होता. हातावर कुठलाच रंग नव्हता, त्यामुळे ते हात मला दुसऱ्याच कुणाचे वाटले. चंपाबाईने पाणी दिलं. भूपेंद्रने सगळं सांगितलं, खाली बघून. सांगून झाल्यावर त्याने श्रीपतचे पाय धरले.

श्रीपतने पाय मागे घेतले. म्हणाला, "मी नव्हतू, हाई माले पहिलेपासून माहीत व्हतं. माले कसाले सांगस? गल्लीले सांग."

भूपेंद्र हळूच म्हणाला, "कविताचं घर मोडेल, भाऊ."

श्रीपत मान हलवत राहिला, जणू हेच उत्तर त्याला ठाऊक होतं. आणि पुन्हा बाजेची दोरी ओढायला लागला. तेव्हा चंपाबाई बोलली. ओरडली नाही, चिडली नाही. भूपेंद्रकडे बघून एवढंच म्हणाली, "तुम्हनं काय बिघाडं व्हतं रे त्यानी?" मग तिने आम्हाला जेवायला वाढलं. आम्ही जेवलो सुद्धा.

त्या पावसाळ्यात श्रीपत गेला. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपला. राखीचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो. शटर ओढलं आणि सरळ चहाच्या टपरीवर गेलो. सगळे होते तिथे, योगेश होता, अध्यक्ष होते. भूपेंद्र नव्हता. मी नाव घेऊन सांगितलं, प्रमोदचं. फोनचं सांगितलं, भूपेंद्र माझ्या दुकानात रडला ते सांगितलं. कविताचं घर मोडायचं तर मोडो, मला त्या दिवशी कुणाच्या घराची पर्वा नव्हती.

त्यांनी ऐकून घेतलं. कुणी नाही म्हणालं नाही. अध्यक्षांनी च् च् केलं आणि म्हणाले, बिचारा. मग योगेशने ग्लासातला उरलेला चहा रस्त्यावर फेकला आणि म्हणाला, "असेल, टेलरभाऊ. पण काही म्हणा, फितूर करावा तर श्रीपतनेच." बाकीच्यांनी माना डोलावल्या.